दीड तास

सराफ्यात बाराचे ठोके कुणी दिले नाहीत.
वांजिरूच्या फोनमधला कोंबडा आरवला
आणि मी एकवीस वर्षांची झाले,
सोनाराच्या बंद दुकानाच्या पायरीवर.
शटरवर लिहिलं होतं : येथे बसू नये.
आम्ही सातजण बसलो होतो,
त्यातले चार मला अनोळखी.

केक दुपारीच गेला.
छप्पन दुकानावरून घेतला, दोरजीनं मांडीवर धरून आणला,
आणि उतरताना रिक्षातच राहिला.
इंदुरात कुठे तरी एक रिक्षावाला
माझं नाव वाचत असेल, साखरेतलं,
स्पेलिंग चुकलेलं.

मग मेणबत्ती गराडूत खोचली.
वर जीरावन, लिंबू, जानेवारीतला गार वारा.
तीनदा पेटवली, तीनदा वाऱ्यानंच फुंकली.
चौथ्यांदा शेजारच्या माकडटोपीवाल्या काकांनी
दोन्ही तळव्यांचा आडोसा केला.
'थांब गं, घाई नको. कुठली तू?'

मॉरिशस.
'मग मराठी कशी काय?'

हा प्रश्न मला बडोद्यात आठवड्यातून एकदा पडतो,
वसतिगृहाच्या मेसमध्ये, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे,
तोंड उघडं असताना.
मी सांगते : आमचं आडनाव सोमाजी.
ते आडनाव नव्हेच. ते एका माणसाचं नाव.
बोटीवरच्या कारकुनानं विचारलं, त्यानं सांगितलं,
आणि आम्ही सगळे तेव्हापासून सोमाजी,
माझी मावशीसुद्धा, जिचा नवरा चिनी आहे.

काका हसले. म्हणाले, तांबवेकर मी,
पाच पिढ्या इथेच, तांबवं कुठे आहे ते विचारू नकोस.
'तू चांगलं बोलतेस. पण ''न्हाणीघर''
मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.
आमची मराठी म्हणजे, क्या बोलते हैं, मिक्स.'

मी अजून फुंकलं नव्हतं.
कारण घरी साडेदहाच झालेत.
कास्काव्हेलला मी वीसचीच आहे,
आई भांडी विसळते आहे,
आणि माझी मध्यरात्र इथून निघाली आहे घराकडे,
समुद्रावरून, त्याच वाटेनं.
सोमाजीला दीड महिना लागला म्हणतात,
ओकत, तांदळाच्या पोत्यांवर निजत.
तिला दीड तास.

तेवढ्यात मेण गराडूवर सांडलं
आणि वांजिरूनं तो तुकडा मेणासकट खाल्ला.
नाकुरूत असंच करतात, ती म्हणाली.
तिच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

मी फुंकर घातली. टाळ्या.
माव्याच्या भट्टीमागच्या पोऱ्यानं झारा आपटला.
अर्धी मेणबत्ती पुसून मी जाकिटाच्या खिशात टाकली,
का ते विचारू नका.
सोमवारी संख्याशास्त्राची चाचणी आहे
आणि उद्या रात्री परतीची बस. खिसे हलके ठेवायला हवेत.

एक वाजता काका गेले.
सव्वाला गर्दी विरळ झाली, दोरजी माझ्या खांद्यावर झोपला.
मग लांब दांड्यांचे झाडू घेऊन बायका आल्या,
द्रोण, काड्या, लिंबाच्या साली ओढत,
पायांपाशी आल्या की जरा थांबायच्या.
आम्ही पाय वर घ्यायचो.

दीडला फोन.
बोन अनिव्हेर्सेर, आई म्हणाली, आणि लगेच :
इथे वादळाचा दुसरा इशारा लागलाय.
बाबा संध्याकाळपासून हिंडतायत,
चिनी दुकानात नाहीत, मोठ्या दुकानात नाहीत,
अख्ख्या गावात मेणबत्ती उरली नाही.
तू केक कापलास का?

मी खिशात हात घातला.
वात अजून काळी, मऊ, बोटाला लागणारी.

कापला, म्हटलं.

'ताई, पाय,' झाडूवाली म्हणाली.